मंडई कोणाच्या पैशातून उभी राहते?

गावाच्या मध्यभागी, नगरपरिषदेच्या मोकळ्या जागेवर एक दिवस फलक लागतो: ‘नियोजित भाजी मंडई, व्यापारी संकुल व सांस्कृतिक सभागृह, बीओटी तत्त्वावर’. सोबत संगणकावर काढलेले चित्र असते आणि चित्रातल्या रस्त्यावर एकही हातगाडी नसते. पुढे कधी ती इमारत खरोखर उभी राहते. कधी वर्षानुवर्षे नुसते पत्र्याचे कुंपण दिसते. कधी खालची दुकाने सुरू होतात आणि सभागृहाचा मजला मात्र उघड्या सळया घेऊन पडून राहतो. असे का होते हे समजायला अभियंता किंवा वकील असावे लागत नाही. काम कोणत्या पायऱ्यांनी जाते आणि कोणत्या पायरीवर कोणाचा खिसा हलका होतो, एवढे आपल्याला दिसले तरी पुरे.

नेहमीच्या सरकारी बांधकामात पालिका स्वतःच्या किंवा शासनाच्या निधीतून ठेकेदाराला पैसे देते. काम झाले, बिल निघाले, की ठेकेदार मोकळा. सार्वजनिक-खासगी भागीदारीत, म्हणजे पीपीपीत, कंपनी पैसा उभा करते, बांधते, ठरावीक वर्षे चालवते, त्यातून खर्च आणि नफा वसूल करते आणि मुदत संपली की वास्तू परत देते. बीओटी हा त्यातला सगळ्यांत ओळखीचा प्रकार. बांधा, वापरा, हस्तांतरित करा.

याची दानाशी गल्लत करू नये. वऱ्हाडाला लोकवर्गणीची मोठी परंपरा आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांच्या देणग्यांतून. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून लोकाश्रयावर वाढले. देणगीदाराला परतावा नको असतो. पीपीपीतल्या कंपनीला तो हवा असतो आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो कुठून येणार, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवे.

उत्तरे तीनच संभवतात: वापरणारा देतो, करदाता देतो, किंवा जमीन देते.

वापरणारा देतो याचा नमुना म्हणजे नांदगाव पेठचा टोलनाका. वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावपासून अमरावतीपर्यंतचा सुमारे ६६ किलोमीटरचा चौपदरी रस्ता बीओटीवर झाला आणि त्याची वसुली टोलमधून होते. २०१७ मध्ये हा रस्ता आयआरबी या रस्तेबांधणी कंपनीच्या इन्व्हिटमध्ये गेला. इन्व्हिट म्हणजे रस्त्यांसारख्या प्रकल्पांचे उत्पन्न गुंतवणूकदारांत वाटणारा, शेअर बाजारात नोंदलेला निधी. म्हणजे नाक्यावर कापल्या जाणाऱ्या रकमेचा काही भाग कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या युनिटधारकापर्यंत पोचतो.

करदाता देतो तेव्हा कंपनी वापरणाऱ्याकडून काही घेत नाही, म्हणून ते फुकट वाटते. केंद्राने महामार्गांसाठी २०१६ पासून आणलेल्या हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीत ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असतानाच सरकार देते आणि उरलेली ६० टक्के कंपनी आधी उभी करते. ती तिला पुढे वर्षानुवर्षे हप्त्यांनी परत मिळते. हा हप्ता म्हणजेच ॲन्युइटी, मराठीत वर्षासन.

तालुक्याच्या गावातल्या मंडया, सभागृहे, वाचनालये बहुतेक तिसऱ्या वाटेने होतात. सभागृह स्वतः फारसे कमवत नाही. त्याच्याखालची रस्त्याकडेची दुकाने कमवतात आणि त्या दुकानांना भाव असतो तो जागेमुळे. याचाच एक उपप्रकार म्हणजे समावेशक आरक्षण: विकास आराखड्यात आपल्या खासगी जागेवर मंडईचे आरक्षण पडले, तर मालक ठरलेल्या क्षेत्रावर मंडई बांधून पालिकेला देतो आणि उरलेली जागा स्वतःसाठी वापरतो. त्यात पालिकेच्या तिजोरीतून रोख काही जात नाही.

आता पायऱ्या पाहू. पहिली आहे गरज ठरवण्याची आणि ती बहुतेक वेळा उडी मारून ओलांडली जाते. किती भाजीविक्रेते रोज बसतात, किती फक्त आठवडी बाजाराला येतात, त्यांना ओटे हवेत की गाळे, गाड्या कुठे उतरतील याची मोजणी न करताच चित्र काढले जाते. मग पहिल्या मजल्यावर ओटे बांधले जातात आणि कोणी तिथे बसत नाही. भाजी घ्यायला जिना चढणारे गिऱ्हाईक आपण पाहिले आहे का?

दुसरी पायरी जमिनीची. इथे जरा थांबू या, कारण वऱ्हाडात बरेचसे प्रकल्प इथेच अडकतात. अमरावती, अकोला आणि इथल्या जुन्या गावांत बरीच जमीन नझूल असते. नझूल म्हणजे गावठाणातली शासनाच्या मालकीची जमीन. पालिका तिथे पन्नास वर्षे बाजार भरवत असली, कर घेत असली, तरी ती मालक असेलच असे नाही. मालक शासन आणि कारभार जिल्हाधिकाऱ्यांचा. त्यामुळे आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या भूखंडाचा नकाशासह मालकी दाखवणारा उतारा, सगळ्यांत आधी पाहावा. त्यावर धारक म्हणून कोणाचे नाव आहे? जागा ठरावीक कामासाठी दिली होती का? तशी असेल, तर दुकाने काढायला वेगळी परवानगी लागते. ती न घेता निविदा काढली, तर पुढे कोणीतरी न्यायालयात जातो आणि कुंपण गंजत राहते.

जागा पालिकेची असली तरी ती वाटेल त्या भावाने देता येत नाही. महापालिकांना, म्हणजे १९८३ पासून अमरावतीला आणि २००१ पासून अकोल्याला, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ लागू आहे. मालमत्ता विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, असे ते सांगते. नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमात कलम ९२ आहे. बाजारभाव कोणी, कधी आणि कशावरून काढला हा कागद फाइलमध्ये असतोच. चार वर्षांपूर्वीच्या मूल्यांकनावर आजचा करार होत असेल, तर तिथे बोट ठेवावे.

याच टप्प्यावर आधीपासून बसलेल्यांचाही प्रश्न येतो. जुने गाळेधारक, ओटेवाले, फुटपाथवरच्या बाया. त्यांची यादी बायोमेट्रिकसह नसली तरी निदान फोटो आणि पंचनाम्यासह झाली पाहिजे. तात्पुरती जागा कुठे आणि नव्या इमारतीत गाळा कोणत्या भाड्याने, हे लिहून मिळाले पाहिजे. तोंडी आश्वासनावर उठलेल्या माणसाला परत येताना अनामत मागितली जाते.

तिसरी पायरी हिशेबाची. याला व्यवहार्यता अहवाल म्हणतात: प्रकल्पाच्या उत्पन्नाला त्याचा खर्च झेपेल का, याची आकडेमोड. एक काल्पनिक उदाहरण करून पाहू. समजा, इमारतीला १२ कोटी लागतात. कंपनीने ७० टक्के, म्हणजे ८ कोटी ४० लाख, कर्ज काढायचे ठरवले, ११ टक्के व्याजाने, १२ वर्षांसाठी. वर्षाचा हप्ता साधारण १ कोटी २९ लाख होतो. इमारतीत ६० दुकाने आहेत आणि गावच्या बाजारात महिना ८ हजार भाडे मिळते. सगळी दुकाने बाराही महिने भरलेली असली, तरी वर्षाला ५७ लाख ६० हजार येतात. त्यातून रखवालदार, वीज, सफाई, दुरुस्ती. हप्त्याच्या निम्मेही हाती येत नाहीत.

मग अशा इमारती उभ्या राहतात तरी कशा? दुकान घेणाऱ्याकडून आधीच घेतलेल्या मोठ्या रकमेतून. आपल्या उदाहरणात प्रत्येक दुकानाला १२ लाख प्रीमियम, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त एकदाच घेतलेली रक्कम, मिळाली, तर ७ कोटी २० लाख जमतात. कंपनीचे स्वतःचे ३ कोटी ६० लाख आणि किरकोळ कर्ज एवढ्यात काम होते. बीओटीच्या जाहिरातीत ‘खासगी गुंतवणूक’ म्हणून जे सांगितले जाते, त्याचा मोठा हिस्सा प्रत्यक्षात गावातल्याच कापडवाल्याचा, मोबाइलवाल्याचा आणि त्यांच्या पतसंस्थेच्या कर्जाचा असतो. हे वाईट आहे असे नव्हे. पण मग त्या दुकानदाराचे संरक्षण करारात असायला हवे आणि ते क्वचितच असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. दुकाने आधी बांधली की पैसा आधी येतो. सभागृह बांधले की फक्त जातो. म्हणून कंपनी स्वाभाविकपणे सभागृह शेवटी ठेवते आणि शेवटपर्यंत ठेवते. उपाय सोपा आहे: सार्वजनिक भाग पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दुकानांचा ताबा देता येणार नाही, असे एक वाक्य करारात घालणे. सामान्य माणसाने करारातले एकच वाक्य तपासायचे ठरवले, तर मी हेच सुचवीन.

दुकानांतून भागत नसेल, तर तूट भरणारी एक सरकारी योजना आहे, व्यवहार्यता तफावत निधी. प्रकल्प लोकोपयोगी आहे पण कमाई कमी, तेव्हा बांधकाम खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून मिळतो. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने तिचा विस्तार केला. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, आरोग्य, शिक्षण अशा प्रकल्पांना केंद्र ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्य किंवा संबंधित संस्था आणखी ३० टक्क्यांपर्यंत देऊ शकेल, अशी ती रचना होती. अट अशी की चालवण्याचा सगळा खर्च प्रकल्पाने स्वतः भरून काढावा. आरोग्य आणि शिक्षणातल्या प्रायोगिक प्रकल्पांना ही अट निम्म्यावर आणून दोघांचे हिस्से ४०-४० टक्क्यांपर्यंत नेले. दुकानांच्या संकुलाला हा निधी लागू नाही. ‘केंद्राचा निधी आणतो’ असे कोणी सभेत म्हणाले, तर कोणत्या योजनेतून, एवढे विचारावे.

पुढची पायरी निविदेची. ई-निविदा महाटेंडर्स या शासकीय संकेतस्थळावर निघते. इथे मोजपट्टी एकच असावी. पालिकेला सर्वाधिक रक्कम कोण देतो, किंवा सर्वांत कमी वर्षे कोण मागतो, किंवा सर्वांत कमी अनुदानात कोण करतो. तिन्हींची खिचडी केली की निवड मनाजोगी करता येते. एकच निविदा आली आणि तीच मंजूर झाली, तर अटी कोणा एकाच्या मापाच्या बेतल्या होत्या का ते पाहावे. त्याहून जास्त लक्ष ठेवावे ते निविदेनंतरच्या ठरावांवर. निविदेत ३० वर्षे, करारात ४५. निविदेत दोन मजले, मंजूर नकाशात चार. हरलेल्या कंपन्यांना ही सवलत आधी माहीत असती तर त्यांनीही जास्त बोली लावली असती. पालिकेचे खरे नुकसान बहुधा या शांतपणे झालेल्या दुरुस्त्यांत होते.

करारावर सह्या झाल्या म्हणजे पैसा आला, असे नाही. कंपनीला ठरलेल्या दिवसांत बँकेचे कर्ज मंजूर करून दाखवावे लागते. त्याला वित्तीय पूर्तता म्हणतात. ती होईपर्यंत जागेवर खोदकाम करू देऊ नये, हे आपल्या भागाइतके कोणाला पटणार? राष्ट्रीय महामार्गाचा अमरावती-चिखली हा १९४ किलोमीटरचा टप्पा आयएल अँड एफएस या वित्त गटातल्या कंपनीकडे गेला होता. २०१८ मध्ये तो गटच कर्जफेड चुकवून कोसळला आणि उकरलेल्या रस्त्यावरून मूर्तिजापूर-अकोल्याच्या लोकांनी कंबरडे मोडून घेतले. पुढे काम तुकड्या पाडून नव्या ठेकेदारांना दिले. त्यातल्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज विक्रमात नोंदले गेले. डांबर टाकायला साडेचार दिवस पुरले. वर्षे गेली ती पैशाची आणि कराराची गुंतागुंत सोडवण्यात.

हे इथलेच दुखणे नाही. त्याच २०१८ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी बुडाली आणि लिव्हरपूल व बर्मिंगहॅमजवळची दोन मोठी रुग्णालये अर्धवट राहिली. ज्या देशाने ही पद्धत सगळ्यांत उत्साहाने वापरली, त्याने त्याच वर्षी नवे खासगी वित्त करार करणार नसल्याचे जाहीर केले.

बांधकामाच्या काळात आपल्याला दोन नावे माहीत असावीत. एक, स्वतंत्र अभियंता. तो पालिकेचाही नोकर नसतो आणि कंपनीचाही. काम नकाशाप्रमाणे आहे का याचा दाखला तो देतो. त्याचा पगार मात्र कोण देतो ते पाहावे. दुसरे, एस्क्रो खाते. प्रकल्पाचा सगळा पैसा याच बँक खात्यात येतो आणि ठरलेल्या क्रमानेच बाहेर जातो: आधी कर, देखभाल, मग कर्जाचा हप्ता, मग पालिकेचा वाटा आणि शेवटी कंपनीचा नफा. दुकानदारांचा प्रीमियम या खात्याऐवजी मालकाच्या दुसऱ्या धंद्यात गेला, की काम थांबलेच समजा.

इमारत सुरू झाली की दर कोण ठरवणार हा प्रश्न येतो. कोल्हापूरने तो रस्त्यावर उतरून सोडवला. शहरातल्या जवळपास ५० किलोमीटर रस्त्यांचे काम आयआरबीला ३० वर्षांच्या टोलवर दिले होते. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली शहर उठले. जानेवारी २०१४ मध्ये नाके जळाले आणि शेवटी टोल रद्द झाला. कंपनीची भरपाई मात्र सरकारकडे आली, म्हणजे जो पैसा कोल्हापूरकर देणार होते तो सगळ्या राज्याने दिला. नागपूरने पाण्यासाठी वेगळा मार्ग धरला. मार्च २०१२ पासून २५ वर्षांसाठी पाणीपुरवठा चालवायला ऑरेंज सिटी वॉटर ही कंपनी आली, पण मालकी आणि दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेनेच ठेवला. तिथेही बिलांच्या तक्रारी आहेत. निदान दरांची तक्रार महापालिकेकडेच करता येते.

मंडईपुरते बोलायचे तर सभागृहाचे भाडे, शौचालयाचा दर आणि पार्किंगचे शुल्क करारातच लिहिलेले हवे आणि वाढीचे सूत्रही तिथेच हवे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, ग्रंथालयाच्या व्याख्यानाला वर्षातले किती दिवस सवलतीने, हेही. नाहीतर सांस्कृतिक सभागृहाचे तीन वर्षांत मंगल कार्यालय होते.

शेवटची पायरी हस्तांतराची आणि तिच्याकडे कोणीच पाहत नाही, कारण ती तीस वर्षांनी येणार असते. आपल्या अंगणात याचे शंभर वर्षे जुने उदाहरण आहे: शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही सुमारे १९० किलोमीटरची अरुंद मार्गाची रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी झाली. भांडवल किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेचे, गाड्या चालवणार ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला. पीपीपी हा शब्द नव्हता तेव्हाची ही पीपीपी.

स्वातंत्र्य आले, जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. करार पुढे पुढे ढकलला जात राहिला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल आले. दरम्यान रुळांवर पैसा कोणी घालायचा आणि कोणाचे किती देणे, यावर दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. मालकाला गुंतवणुकीत रस उरला नव्हता आणि चालवणारी रेल्वे दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च का करील? गाडीचा वेग घटत गेला आणि शेवटी ती बंदच पडली. गरीब प्रवाशांचे स्वस्त साधन गेले. मुदतीनंतर मालमत्ता कोणाची आणि ती कोणत्या स्थितीत द्यायची, हे वेळेवर मिटवले असते, तर ही रेल्वे रुंदमार्गी झाली असती किंवा निदान तिच्याबद्दल निर्णय तरी झाला असता.

मंडईच्या करारात म्हणून तीन गोष्टी शोधाव्यात. मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची: सहीच्या, कार्यादेशाच्या की इमारत सुरू झाल्याच्या? दुकानदारांना दिलेले पट्टे कंपनीच्या मुदतीपेक्षा लांब आहेत का? असतील, तर तीस वर्षांनी पालिकेच्या हाती इमारत येईल, पण तिच्यातले गाळे येणार नाहीत. आणि हस्तांतराआधी दोन-तीन वर्षे संयुक्त तपासणी करून लिफ्ट, गळती, अग्निशमन दुरुस्त करून देण्याची हमी आहे का, तेवढी रक्कम बाजूला काढली आहे का?

हे सगळे कागद आपल्याला मागता येतात. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर करारनामा सर्व परिशिष्टांसह, स्थायी समितीचे व सर्वसाधारण सभेचे ठराव, बाजारमूल्यांकनाचा अहवाल आणि पालिकेला दरवर्षी मिळालेल्या रकमेचा तक्ता मागावा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला, तर खचू नये. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधल्या ज्या पोटकलमाने हा नकार दिला जातो, त्यातच व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची सोय आहे. पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे करावे. दुसऱ्यासाठी मुंबई-नागपूर गाठावे लागत नाही, राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ अमरावतीलाच आहे.

अर्जात एक ओळ जरूर घालावी: कंपनीने दिलेल्या बँक हमीची प्रत आणि ती संपण्याची तारीख. काम सोडून कंपनी निघून गेली तर पालिकेला वसूल करता येईल अशी हीच रक्कम असते. हमीला मुदत असते आणि नूतनीकरणाचे पत्र पाठवणे लिपिकाच्या टेबलावर राहून जाते. तारीख उलटून गेलेली दिसली, तर त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी.